तळखेडचा सांडवा

तळखेडच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की सभा तीन तास चालायची आणि पाणी होतं तिथंच राहायचं. रश्मीला सरपंच होऊन दोन पावसाळे झाले होते, हा तिसरा. निवडून आली तेव्हा तिला वाटलं होतं, गावाला पाणी कसं मिळेल एवढंच ठरवायचंय. गावाला मात्र आधी पाणी काहून मिळत नाही हे ठरवायचं होतं, आणि ते काही केल्या ठरत नव्हतं.

गाव पूर्णेच्या काठचं, अकोला आणि दर्यापूरच्या मधलं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, वर येतं ते खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि किडनीचा पेशंट नाही असं घर शोधावं लागतं. धरणावरून पाइपलाइन आलीय, पण तिचा नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि बादली भरायच्या आत जातो. गावाची खरी मदार वरच्या अंगाच्या तळ्यावर. जुन्या लोकांनी कधीकाळच्या दुष्काळात मातीची पाळ घालून ते बांधलेलं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं. ढोरं तिथं पितात, बाया तिथं धुणं धुतात, आणि नळ रुसला की तुरटी फिरवून, उकळून माणसंही तेच पितात.

या तळ्याला दोन दुखणी होती. एक म्हणजे पाणी उपसायला शेतकऱ्यांनी त्यात सोडलेल्या मोटरी. त्यात सगळ्यात मोठी मोटर खुशालरावांची. दुसरं, सांडवा बुजलेला होता. तळं तुडुंब भरलं की जास्तीचं पाणी दगडी सांडव्यावरून नाल्यात उतरायचं आणि नाल्यानं पूर्णेला जायचं. तो नाला जायचा भगवंतरावांच्या वावरातून. मधली बरीच वर्षं तळं भरलंच नाही. भगवंतरावांनी दर उन्हाळ्यात थोडी थोडी माती ढकलत नाला सपाट केला आणि त्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली. आता तळं भरलं तर पाण्याला जायला जागा एकच होती, पाळ फोडून खाली. खाली उतारावर भीमनगर, आणि भीमनगरात रश्मीचं घर.

जुलैच्या सभेत तिनं दोन्ही गोष्टी मांडल्या.

"मोटरी बंद करा अन् सांडवा मोकळा करा. दोनच कामं हायेत. हात वर करा अन् घरी जा."

हात वर झाले, पण बोलायची परवानगी मागायला.

पहिले भगवंतराव उठले. साठी ओलांडलेली, पांढरा सदरा, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. मुलगा अंकुर पुण्यात नोकरीला. तो मोबाइलवर हवामानाचे व्हिडिओ पाठवायचा आणि भगवंतराव ते पाठ करायचे. अमरावतीला कुठं चर्चासत्र असलं की पदरचं भाडं भरून जायचे.

"क्लायमेट चेंज," ते म्हणाले. मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं. "हसा. इदर्भाचं वाळवंट व्हून राहिलं, शास्त्रज्ञ सांगून राहिले. पाऊसच येनार नाई तं सांडवा कोनासाठी मोकळा करू? ढगायले दाखवाले?"

"कायचा किलायमेट अन् कायचा चेंज!" खुशालराव बसल्या जागेवरूनच गरजले. ते पूर्वी दोन वेळा सरपंच होते आणि अजूनही स्वतःला तसंच समजत. "मी बहात्तरचा दुष्काळ पाह्यला. तवाबी अकोल्यात मानसं असेच भाजत होते. हवा तेच हाये. पाऊस त्याच्या टायमानं येते, तळं भरते. मंग मी मोटर कायले बंद करू?"

"मंग येऊन काहून नाई राहिला?" एका बाईनं विचारलं.

"थ्या सोलरच्या पाट्यायनं!" खुशालरावांनी गायरानाकडे बोट दाखवलं. तिथं एका कंपनीनं सौरऊर्जेच्या पाट्यांचं शेत उभं केलं होतं. "चमकतात ना त्या! ढग भेतात अन् पुढं पळतात."

रश्मीनं कपाळाला हात लावला. "खुशालभाऊ, हवा बदलत नाई असंही म्हनता, अन् ढग पाट्यायले भेतात असंही म्हनता. एक काईतरी धरा."

"पाट्या म्हंजे हवा नोहे," खुशालराव शांतपणे म्हणाले, आणि अर्धी सभा "बराबर हाये" म्हणाली.

त्यानंतर जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. कोणी भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत काढलं, कोणी यूट्यूबवरच्या हवामानवाल्याचं. कोणी म्हणालं झाडं तोडली म्हणून, कोणी म्हणालं पाप वाढलं म्हणून. मोटरींवर कोणी बोललं नाही आणि सांडव्यावर तर नाहीच.

घरी आली तेव्हा सासू मैनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"काय ठरलं वं?"

"ढग भित्रे हायेत, असं ठरलं," रश्मी म्हणाली आणि पायातली चप्पल जरा जास्तच जोरात भिरकावली.

जुलै कोरडा गेला. आभाळ रोज दुपारी भरून यायचं, वारा सुटायचा, आणि सगळं पांगायचं. पऱ्हाटीनं माना टाकल्या तसा मोटरींचा घुमारा वाढला. तळ्याचं पाणी मागं सरकत गेलं आणि काठाच्या चिखलात म्हशी रुतायला लागल्या. रश्मी रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी. लोक अदबीनं खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, ताई, तुमचं खरं हाये, पण आधी खुशालरावाले बंद कराले सांगा. खुशालराव म्हणायचे, आधी बाकीचे करू द्या.

तिचा नवरा धर्मेंद्र अकोल्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होता. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "घरच्या मानसाचं कोनी ऐकत नाई. बाहेरून कोनी शिकलेलं आन. त्याचं ऐकतीन."

म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला अमरावतीच्या एका कॉलेजातून आकांक्षा मॅडम आल्या. हवामानाचा अभ्यास असलेल्या, बोलायला साध्या. समाजमंदिरात पडदा लावून त्यांनी जुन्या-नव्या पावसाचे आकडे दाखवले आणि सांगितलं, "आपल्या भागात वर्षाचा एकूण पाऊस फारसा कमी झालेला नाही. पण पडायची रीत बदलली आहे. आठवडेच्या आठवडे कोरडे जातात, आणि मग एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळतो. असे दिवस वाढत चालले आहेत. म्हणून कोरड्या दिवसांसाठी पाणी जपायला हवं आणि ओल्या दिवसांसाठी वाटा मोकळ्या हव्यात."

रश्मीला वाटलं, झालं. एका वाक्यात मोटरीही आल्या, सांडवाही आला. आता कोण नाही म्हणेल?

"ऐकलं?" भगवंतराव उठून उभे राहिले. "बदललं म्हनतात मॅडम! मी काय सांगून राहिलो होतो?"

"ऐकलं!" खुशालराव त्यांच्याहून जोरात. "पाऊस तेवढाच हाये म्हनतात मॅडम! मी काय सांगून राहिलो होतो?"

पुढचा अर्धा तास मॅडम नेमकं काय म्हणाल्या यावर वाद झाला, आणि मॅडम तिथंच बसलेल्या असून त्यांना कोणी विचारलं नाही. माईकची ओढाताण झाली. खुशालरावांच्या पुतण्यानं भगवंतरावांच्या सदऱ्याचं बटण तोडलं. शेवटी रश्मीनं वीजच बंद केली तेव्हा लोक बाहेर पडले, आणि बाहेर जाऊन पुन्हा भांडायला लागले.

मॅडमची गाडी निघताना त्या काच खाली करून म्हणाल्या, "तुमच्या गावात लोक खूप जागरूक आहेत हं."

"हो ना," रश्मी म्हणाली. 

दोन दिवसांनी ती एकटीच भगवंतरावांच्या घरी गेली. त्यांनी सुनेला हाक मारून चहा आणवला. घरचे ज्या कपात पितात त्याच कपात चहा आला, हे रश्मीनं पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचा तिला राग आला.

"काकाजी, तुमाले सगळं समजते. एका दिवसात महिन्याचा पाऊस आला, तं पानी जाईन कुठून?"

"समजते. पन पऱ्हाटी फुलावर हाये, सरपंचबाई. आता नाला काढू? पुढच्या उन्हाळ्यात पाहू."

"पाऊस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबनार हाये का?"

भगवंतरावांनी चष्मा पुसला. "जगाचं तापमान काय माह्या दोन एकरानं कमी होनार हाये? मोठमोठे देश काई करून नाई राहिले. अन् तुमी माह्याच धुऱ्यावर येऊन बसल्या."

तिनं पंचायतीची नोटीस दिली. नोटिशीला उत्तर आलं नाही, पण गावात बोलणं सुरू झालं. सरपंचकी मिळाली तं आता आमच्या वावरातून नाले काढते म्हणे. 'आमच्या' या शब्दावर कुठं किती जोर दिला जातो, ते रश्मीला लहानपणापासून कळत होतं. मैनाबाईंनाही कळत होतं. त्या म्हणाल्या, "तू आपलं काम कर. तोंडं कोनाचे शिवाले बसतं?"

पोळा तोंडावर आला आणि पाऊस आला.

पहिल्या दिवशी गाव नाचलं. दुसऱ्या दिवशीही पडतच राहिला तेव्हा तळ्यावर जत्रा भरली. ज्या चिखलात म्हशी रुतल्या होत्या तिथं आता माणूसभर पाणी होतं. खुशालराव नारळ घेऊन आले, पाळीवर उभे राहून जलपूजन केलं, फोटो काढून घेतले. "आला का नाई टायमानं? कुठी गेला तुमचा किलायमेट?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस पडत नव्हता, कोसळत होता. रश्मी छत्री टाकून पाळीवर गेली. पाणी माथ्यापासून दोन हातांवर आलं होतं. सांडव्याच्या दगडांवरून ते उतरत होतं आणि पुढं भगवंतरावांच्या धुऱ्याला, वावराच्या बांधाला, आपटून माघारी फिरत होतं. ती पाळीच्या खालच्या अंगानं चालत आली आणि एका जागी थांबली. मातीतून बोटाएवढी धार निघत होती. तिनं ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं, पाळीची माती सोबत घेऊन येत होतं.

तिनं तहसीलला फोन लावला. पथक निघालंय, म्हणाले. पूर्णेच्या पुलावरून पाणी जातंय हे त्यांना तिनंच सांगितलं. भीमनगरातल्या लोकांना शाळेत हलवायला मैनाबाई दारोदार फिरायला लागल्या. काही निघाले. काही म्हणाले, टीव्ही कोन उचलन?

तेवढ्यात खुशालराव आणि त्यांची माणसं पाळीवर आली, कारण सरपंच पाणी सोडणार ही बातमी पोचली होती.

"सोडाचं नाई," खुशालराव म्हणाले. "इतक्या वर्सानं तळं भरलं. उन्हाळ्यात काय पेसान?"

"पाळ झिरपून राहिली, भाऊ. हे पाहा."

"पाळ दरसाल झिरपते."

"दरसाल तळं कुठी भरते?"

"म्हनूनच सांगतो, भरलं हाये तं राहू दे!"

पाऊस तोंडावर मारत होता, पायाखाली पाळ भिजत होती, आणि पाळीवर उभी राहून दहा-बारा माणसं पाळ पक्की आहे की नाही यावर भांडत होती. कोणी म्हणालं, हा ढगफुटीचा पाऊस, आत्ता थांबतो. कोणी म्हणालं, याला ढगफुटी म्हणत नाहीत. ढगफुटी कशाला म्हणावं यावर दोघं जुंपले. रश्मीच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ती वळली आणि पाळ उतरून चालू लागली.

भगवंतराव गावात नव्हते. आदल्या दिवशी अमरावतीला गेले होते, हवामानबदलावरच्याच एका कार्यक्रमाला, आणि रस्ते बंद झाल्यानं तिथंच अडकले होते. तिनं फोन लावला.

"काकाजी, तुमच्या वावरातून नाला काढून राहिली."

"कोन काढून राहिलं?"

"मी. पाळ जाते नाईतं."

"थांब. मी आल्यावर पाहू."

"पूल बुडाला. तुमी याल कसे?"

पलीकडे कोणाचं तरी भाषण चालू होतं, माईकवरचं, टाळ्या वाजल्या. मग भगवंतराव म्हणाले, "फुलावर आली हाये ना बाप्पा पऱ्हाटी." रश्मीनं थोडं थांबून पाहिलं. 'हो'ही आलं नाही, 'नाही'ही आलं नाही. तिनं फोन ठेवला.

जेसीबी सहदेवची होती. तो भीमनगरचाच, रश्मीपेक्षा चार वर्षांनी लहान, मशीनचे हप्ते अजून फेडणारा. त्यानं मशीन सुरू केली, पण धुऱ्याशी येऊन थांबवली.

"ताई, उद्या पोलीस विचारतीन, कोनाच्या सांगन्यावरून?"

"माह्या."

"सरपंचाच्या का रश्मीताईच्या?"

"जिले तुरुंगात टाकता येते तिच्या. चालव आता!"

बकेट पऱ्हाटीत घुसली. पिवळ्या फुलांची झाडं मुळासकट उचलली गेली आणि बाजूच्या ढिगावर पडली. रश्मी पुढं चालत वाट दाखवत होती. ती शेतकऱ्याची मुलगी होती आणि मोडणाऱ्या प्रत्येक झाडाचा आवाज तिला मशीनच्या आवाजातूनही ऐकू येत होता. खुशालरावांची माणसं धुऱ्यावर ओरडत उभी राहिली, पण मशीनच्या पुढं कोणी आलं नाही. शेवटचा मातीचा पट्टा निघाला तसं पाणी एकदम घुसलं. नाला पाहता पाहता रुंद झाला आणि तांबडं पाणी वाटेत येईल ते घेऊन पूर्णेकडे पळालं. दोन एकरांतली पऱ्हाटी आडवी झाली.

संध्याकाळपर्यंत तळं हातभर उतरलं. पाळीतली धार बारीक झाली. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, भीमनगरचे लोक घरी परतले, टीव्ही जागेवर होते. पाळ उभी होती.

रश्मी दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की तिच्याविरुद्ध तहसीलला तक्रार गेली आहे. भगवंतरावांची, पिकाच्या नुकसानीची. आणि पोळ्यानंतरच्या ग्रामसभेत खुशालरावांनी विषय मांडला: सरपंचांनी गावाचं पाणी वाया घालवलं.

"पाळ फुटली काय?" खुशालरावांनी सभेला विचारलं.

"नाई," सभा म्हणाली.

"मंग पानी कायले सोडलं?"

"सोडलं म्हनून फुटली नाई!" रश्मीचा आवाज चिरकला.

"थे कसं समजावं? फुटली असती तं समजलं असतं. फुटलीच नाई."

 रश्मीनं पाहिलं, लोक माना डोलवत होते. चांगली, शहाणी माणसं. त्यातली काही त्या दिवशी शाळेत पथारी टाकून बसली होती. ते खोटं बोलत नव्हते. जे झालंच नाही, ते होणार होतं हे दाखवायचं कसं? तिच्याकडे दाखवायला गढूळ पाण्याची एक ओंजळ होती, आणि तीही तिनं तिथंच सोडली होती.

बायांच्या बाजूनं मैनाबाई उठल्या. "खुशाल्या," त्या म्हणाल्या. ते त्यांच्याहून वयानं धाकटे होते आणि सभेत तसं त्यांना कोणीच हाक मारत नसे. "पुढच्या बारीले फुटू देऊ. फक्त थ्या दिवशी तू भीमनगरात येऊन झोप. मंग तुले बराबर समजन."

हशा पिकला, पण ठराव काही झाला नाही. सोलरच्या पाट्या असूनही एवढा पाऊस आला कसा, यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली.

सभा मोडल्यावर भगवंतराव तिच्यामागून आले.  "चाला," म्हणाले, "वावरात."

ती गेली, शिव्या खायच्या तयारीनं. नव्या नाल्याच्या काठावर ते उभे राहिले. काठाशी मातीत गाडलेली पऱ्हाटी काळी पडली होती. बराच वेळ त्यांनी चष्मा लावला, काढला.

"चुकला तुमचा नाला," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"जुना नाला इथून नवताच. थो तिकडून होता, निंबाच्या खालून, वळन घेऊन. तुमी सरय काढला. म्हनून दोन एकर गेली. वळनानं काढला असता तं अर्धा एकरच जात होता."

 एवढे दिवस ज्या नाल्याचं नाव काढलं की हा माणूस जगाच्या तापमानावर जायचा, त्या नाल्याचं वळण त्याला तोंडपाठ होतं.

"मंग जुलैत काहून नाई सांगितलं काकाजी?"

"जुलैत तुमी कुठी इचारलं? तुमी म्हने मोकळा करा. कुठून करा, हे इचारलं?"

तिला ओरडावंसं वाटलं. तिला वाटलं, तिथल्या चिखलात बसावं आणि दोन्ही हातांनी जमीन बडवावी. त्याऐवजी तिनं पायाशी पडलेली एक पऱ्हाटीची काडी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"दाखवा."

भगवंतराव निंबाच्या दिशेनं चालू लागले. दर काही पावलांवर थांबून, मागं पाहून, एकेक काडी रोवत गेले. मध्येच थांबून म्हणाले, "तक्रार मी वापस घेनार नाई. थे वेगळं."

"नका घेऊ," रश्मी म्हणाली आणि पुढची काडी दिली.

दिवाळीनंतर सहदेवनं त्या खुणांवरून नाला वळवून दिला. सरळ काढलेला बुजवला आणि भगवंतरावांनी तिथं हरभरा पेरला. तक्रारीची चौकशी अजून चालू आहे. रश्मी दर पेशीला, सुनावणीच्या तारखेला, दर्यापूरच्या बसनं जाते, तिथं भगवंतरावही असतात, आणि येताना दोघं एकाच सीटवर बसून हवामानावर भांडत येतात.

मोटरी बंद झाल्या नाहीत. तळ्याचं पाणी होळीपर्यंत पुरलं. खुशालराव म्हणतात, सोडलं नसतं तं आखाजीपर्यंत, पार अक्षय तृतीयेपर्यंत, पुरलं असतं.